रक्तगाठीचा पक्षाघात: रुग्णालयात जीवाला धोका कशाकशाने वाढतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेंदूच्या रक्तवाहिनीत गाठ अडकून झालेल्या पक्षाघातामुळे ज्यांचं माणूस रुग्णालयात दाखल आहे, त्या घरांसाठी ही माहिती आहे. वॉर्डात नव्याने काम करणाऱ्या परिचारिका आणि निवासी डॉक्टरांनाही ती उपयोगी पडेल. रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर धोके आणि उपचार बरेच वेगळे असतात. ते इथे घेतलेले नाहीत. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात गळणं, बोलणं अडखळणं ही लक्षणं आत्ता समोर दिसत असतील तर पुढे वाचू नका. १०८ ला फोन करा आणि जिथे रात्रीसुद्धा सीटी स्कॅन होतो, थेट तिथेच न्या.

दाखल झालेल्या शंभर रुग्णांपैकी किती दगावतात?

वेगवेगळ्या देशांच्या मोठ्या नोंदी पाहिल्या तर रक्तगाठीच्या पक्षाघातात रुग्णालयातले मृत्यू साधारण शंभरात ५ ते १५ च्या दरम्यान दिसतात. पण हा आकडा तुमच्या माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. नुसता हात जड झालेला, शुद्धीवर असलेला पन्नाशीचा माणूस आणि बेशुद्धावस्थेत आणलेल्या पंच्याऐंशीच्या आजी, दोघंही त्याच सरासरीत मोजलेले असतात. सौम्य झटक्यात रुग्णालयातच मृत्यू होणं विरळा, मोठ्या झटक्यात हा धोका कितीतरी पट जास्त. म्हणून डॉक्टरांना ‘टक्के किती?’ असं विचारण्यापेक्षा ‘झटका किती मोठा आहे आणि कुठली नस बंद आहे?’ असं विचारा. त्या उत्तरातून जास्त कळतं.

सगळ्यात मोठा घटक कोणता?

झटक्याची तीव्रता. जवळजवळ प्रत्येक अभ्यासात ती पहिल्या क्रमांकावर येते; वय तिच्या पाठोपाठ.

तीव्रता मोजायला एनआयएचएसएस नावाचं मोजमाप वापरतात. ० म्हणजे काहीच दोष नाही, ४२ म्हणजे सर्वाधिक. रुग्ण जागा आहे का, चालू महिना आणि स्वतःचं वय सांगतो का, ‘डोळे मिटा, मूठ वळा’ म्हटल्यावर तसं करतो का, नजर दोन्हीकडे वळते का, हात १० सेकंद आणि पाय ५ सेकंद उचलून धरता येतो का, बोलणं आणि समजणं कसं आहे, अशा तपासण्यांचे गुण त्यात असतात. साधारणपणे ५ पेक्षा कमी गुण म्हणजे सौम्य झटका, ५ ते १५ मध्यम, त्यापुढे गंभीर आणि २१ च्या वर अतिगंभीर.

या गुणांमध्ये शुद्धीचे गुण वेगळे पाहायला हवेत. दाखल होतानाच रुग्ण गुंगीत असेल, हाक मारून उठत नसेल, तर एकूण गुण काहीही असोत, धोका मोठा समजायचा. मेंदूच्या एका बाजूच्या मध्यम झटक्यात माणूस सहसा जागा असतो. तो सुरुवातीपासूनच झोपाळलेला असेल तर गाठ मेंदूच्या बुंध्यात आहे, किंवा फार मोठा भाग गेला आहे, किंवा सोबत आणखी काही बिघडलं आहे: साखर खाली गेली आहे, फिट येऊन गेली आहे, ऑक्सिजन कमी पडतोय. ही तिन्ही कारणं तिथल्या तिथे दुरुस्त होणारी असल्याने आधी तीच तपासायची.

या मोजमापात एक उणीव आहे. त्यात भाषेला जास्त वजन आहे, म्हणून डाव्या मेंदूच्या झटक्याला गुण जास्त मिळतात आणि तेवढ्याच आकाराच्या उजव्या झटक्याला कमी. चक्कर, तोल जाणं, उलट्या यांची तर त्यात पुरेशी नोंदच होत नाही. लहान मेंदूचा (डोक्याच्या मागच्या बाजूचा, तोल सांभाळणारा भाग) झटका १-२ गुणांवर दिसतो आणि तिसऱ्या दिवशी जीवावर बेततो. कमी गुण बघून अशा रुग्णाला साध्या वॉर्डात सोडून देणं ही नेहमी घडणारी चूक आहे.

वयाचं काय? आणि बायकांना धोका जास्त असतो का?

वय वाढतं तसा धोका वाढतो, ऐंशीनंतर स्पष्टपणे. पण नुसत्या वयापेक्षा झटक्याच्या आधी माणूस कसा होता याने फरक पडतो. स्वतः बाजारात जाणारे ८२ वर्षांचे आजोबा आणि वर्षभर अंथरुणाला खिळलेले ७० वर्षांचे गृहस्थ यांत आजोबांची बाजू बळकट असू शकते. डॉक्टर ‘आधी चालत होते का, जेवण-आंघोळ स्वतः करायचे का?’ असं विचारतात ते यासाठी. वाढवून सांगू नका, कमी करूनही सांगू नका.

बायकांमध्ये मृत्यू जास्त दिसतात, पण त्यांना झटका येतो तोच सरासरी जास्त वयात आणि जास्त तीव्र. वय आणि तीव्रता हिशेबात घेतली की हा फरक बराचसा नाहीसा होतो.

कुठली नस बंद झाली याने किती फरक पडतो?

फार. मेंदूच्या आतल्या बारीक नसा बंद पडून होणाऱ्या छोट्या झटक्यात रुग्णालयात मृत्यू क्वचितच होतो. मानेतली मोठी नस किंवा मेंदूतली मधली मोठी धमनी मुळाशीच बंद झाली तर अर्ध्या मेंदूचा मोठा भाग संकटात येतो.

सर्वांत घातक म्हणजे मेंदूच्या बुंध्याला रक्त पुरवणारी बॅसिलर धमनी बंद होणं. श्वास, शुद्ध, गिळणं हे सगळं तिच्यावर अवलंबून आहे. चीनमध्ये झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अटेन्शन’ चाचणीत, फक्त औषधांवर ठेवलेल्यांपैकी ५५ टक्के रुग्ण ९० दिवसांत दगावले. जांघेतून तार घालून गाठ काढलेल्यांमध्ये हे प्रमाण ३७ टक्के होतं. उपचार करूनही तिघांत एकापेक्षा जास्त जण जातात इतका हा झटका जड आहे, आणि तरीही उपचाराने पडणारा फरक मोठा आहे. चक्कर, दोन-दोन दिसणं, गिळता न येणं आणि वाढत जाणारी गुंगी एकत्र आली तर नुसत्या सीटीवर थांबू नका. रक्तवाहिन्यांचा सीटी अँजिओ तेव्हाच व्हायला हवा.

डॉक्टर म्हणतात, ‘पहिले तीन-चार दिवस काही सांगता येणार नाही.’ असं का?

कारण मेलेला मेंदूचा भाग सुजतो. सूज पहिल्या दिवसापासून वाढायला लागते आणि दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान शिखरावर जाते. कवटी म्हणजे झाकण घट्ट बसलेला डबा. आतला एक भाग फुगला की तो शेजारच्या चांगल्या मेंदूला आणि शेवटी बुंध्याला दाबतो, आणि श्वास थांबतो. पहिल्या आठवड्यातल्या मृत्यूंमागे बहुतेक वेळा हेच असतं. म्हणूनच पहिल्या दिवशी बोललेला माणूस तिसऱ्या दिवशी बेशुद्ध होतो आणि घरच्यांना वाटतं की रुग्णालयाने काहीतरी बिघडवलं.

सूज वाढतेय हे ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत: आदल्या दिवशीपेक्षा जास्त झोपाळलेपण, नवी डोकेदुखी, उलटी, एका डोळ्याची बाहुली मोठी होणं, श्वासाची लय बदलणं. यात सर्वांत आधी दिसते ती झोप. रात्री ‘शांत झोपलेत’ म्हणून सोडून देऊ नका. पहिले चार दिवस रात्रीसुद्धा उठवून, नाव विचारून, मूठ वळायला सांगून तपासावं लागतं.

मॅनिटॉल किंवा तीव्र मिठाचं सलाईन यांनी थोडा वेळ हाती मिळतो. त्याने मृत्यू कमी झाल्याचा पुरावा नाही. स्टिरॉइडचा या सुजेवर उपयोग नाही, उलट साखर आणि जंतुसंसर्ग वाढतो. खरोखर जीव वाचवते ती कवटीचं हाड काढून जागा करून देणारी शस्त्रक्रिया. २००७ मध्ये युरोपातल्या तीन चाचण्यांचे निकाल एकत्र तपासले गेले: ६० वर्षांपर्यंतचे, मधल्या धमनीचा फार मोठा झटका आलेले रुग्ण, शस्त्रक्रिया ४८ तासांच्या आत. वर्षभराने शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७८ टक्के जिवंत होते, न झालेल्यांपैकी २९ टक्के. औषधोपचारातल्या कुठल्याही गोष्टीने एवढा फरक पडत नाही.

साठीनंतरही ही शस्त्रक्रिया जीव वाचवते, पण वाचलेल्यांपैकी बहुतेकांना दुसऱ्याच्या आधारावर राहावं लागतं. तो निर्णय घरच्यांनी आणि डॉक्टरांनी मोकळेपणाने बोलून घ्यायचा. अडचण अशी की ही चर्चा बहुधा बाहुली मोठी झाल्यावर सुरू होते. फार मोठा झटका असेल तर पहिल्याच दिवशी विचारा: ‘सूज वाढली तर इथे न्यूरोसर्जन आहेत का? नसतील तर आत्ताच हलवायचं का?’

लहान मेंदूच्या झटक्याला हीच गोष्ट आणखी कडकपणे लागू. तिथे जागा मुळात कमी, त्यामुळे पाण्याचा मार्ग दबून डोक्यात पाणी साचतं. पण वेळेत शस्त्रक्रिया झाली तर हे रुग्ण फार चांगले सुधारतात.

पहिला आठवडा निघाला, मग अचानक न्यूमोनिया कसा झाला?

बहुतेक वेळा तो अचानक झालेला नसतो. पहिल्याच दिवशी पाजलेल्या अर्ध्या कप चहातून त्याची सुरुवात झालेली असू शकते.

पक्षाघाताच्या सुरुवातीच्या दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांचं गिळणं बिघडतं. पाणी, लाळ, पेज अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते. काहींना ठसका लागतो, पण काहींना लागतच नाही; घशाची संवेदनाच गेलेली असते. हा मूक प्रकार जास्त घातक. पहिल्या आठवड्यानंतरच्या मृत्यूंमध्ये न्यूमोनियाचा वाटा मोठा असतो, आणि टाळता येण्यासारख्या कारणांमध्ये तो सर्वांत वर आहे असं आमचं ठाम मत आहे.

गिळण्याची चाचणी होईपर्यंत तोंडाने काहीही नाही. तीर्थ नाही, मध नाही, गोळीसाठी घोटभर पाणीही नाही. चाचणी प्रशिक्षित परिचारिका पलंगाशेजारीच करू शकते. रुग्ण पूर्ण जागा हवा, सरळ बसवलेला हवा. आधी तोंड स्वच्छ करायचं. मग चमचाभर, म्हणजे ५ मिली पाणी, असं दोन-तीन वेळा. प्रत्येक घोटानंतर ‘आऽऽ’ म्हणायला लावायचं. ठसका, ओला घोगरा आवाज, ओठांतून गळणं, श्वास लागणं यातलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं. काही नाही झालं तर पेल्यातून ९० मिली सलग प्यायला द्यायचं आणि एक मिनिट लक्ष ठेवायचं. यात नापास झालेल्याला रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) लागते आणि २४ तासांनी पुन्हा तपासणी.

नळी घातली म्हणजे धोका संपला असं नाही. पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवूनच फीड द्यायचं आणि नंतर अर्धा ते एक तास तसंच ठेवायचं. एका वेळी २०० ते २५० मिलीच्या वर नाही, सिरिंजने जोर लावून ढकलायचं नाही, शेवटी ३० मिली पाण्याने नळी धुवायची. प्रत्येक फीडआधी नळीवरची खूण जागेवर आहे का पाहायचं. खोकल्याने किंवा रुग्णाने ओढल्याने ती सरकते आणि दूध फुफ्फुसात जातं. तोंडाची स्वच्छता तर सर्वांत दुर्लक्षित काम. नळीवरचा रुग्ण जेवत नाही म्हणून त्याचे दात कुणी घासत नाही, आणि त्याच तोंडातले जंतू लाळेबरोबर खाली उतरतात. दिवसातून दोन-तीनदा दात, जीभ, गालाचा आतला भाग पुसायला हवा. कवळी काढून ठेवायची.

‘मग आधीच अँटिबायोटिक का सुरू करत नाही?’ हे तपासून झालं आहे. २०१५ मध्ये नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. संसर्ग नसताना सर्वांना अँटिबायोटिक देऊन मृत्यू कमी झाले नाहीत. संसर्ग दिसला की मात्र ताबडतोब, पुरेशा मात्रेत.

ताप आणि साखर एवढी महत्त्वाची आहे का?

आहे. दोन्ही स्वस्तात सांभाळता येतात, म्हणूनच त्यांतल्या हलगर्जीपणाचा जास्त राग येतो. ताप असताना जखमी मेंदूला जास्त इंधन लागतं आणि ते पोचत नसतं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या १९ पक्षाघात कक्षांत झालेल्या अभ्यासात, जो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, परिचारिकांना तीनच गोष्टी काटेकोर करायला शिकवल्या: ७२ तास ताप मोजणं आणि ३७.५ अंश सेल्सियसच्या वर गेला की पॅरासिटामॉल, साखर वेळच्या वेळी तपासून उपचार, आणि गिळण्याची चाचणी. ९० दिवसांनी मृत्यू किंवा परावलंबित्व ५८ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर आलं. कुठलंही नवं औषध नव्हतं.

साखर १४० ते १८० च्या दरम्यान ठेवायची. मधुमेह नसलेल्यांचीही झटक्याच्या ताणाने साखर वाढते, आणि अशांमध्ये धोका वाढलेला दिसतो. पण इन्सुलिनने ती ८०-१३० पर्यंत ओढून आणल्याने फायदा होत नाही. २०१९ च्या ‘शाइन’ चाचणीत तेच दिसलं, वर साखर फार खाली जाण्याचे प्रसंग वाढले. साखर ६० च्या खाली म्हणजे आणीबाणी. त्याने स्वतंत्रपणेही लकव्यासारखी लक्षणं दिसतात, म्हणून बोटातून साखर तपासल्याशिवाय गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा निर्णय होत नाही.

बीपी २०० आहे आणि डॉक्टर गोळी देत नाहीत. हे दुर्लक्ष नाही का?

नाही. नस बंद असताना पलीकडचा मेंदू आडवाटेच्या बारीक नसांवर जगत असतो आणि त्यांना दाब लागतो. बीपी धाडकन उतरवलं तर तोही भाग मरतो. गाठ विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं नसेल, हृदयविकाराचा झटका किंवा हृदय कमजोर पडण्यासारखं दुसरं कारण नसेल, तर पहिले एक-दोन दिवस २२०/१२० पर्यंतचं बीपी सोसू देतात. त्यावर गेलं तर पहिल्या २४ तासांत साधारण १५ टक्केच उतरवतात. इंजेक्शन द्यायचं असेल तर नियम वेगळा: आधी १८५/११० च्या खाली, दिल्यावर २४ तास १८०/१०५ च्या खाली.

दाखल होतानाचं बीपी आणि मृत्यू यांचा संबंध इंग्रजी यू अक्षरासारखा आहे. सर्वांत कमी मृत्यू वरचं बीपी १५० च्या आसपास असलेल्यांत, आणि दोन्ही टोकांना जास्त. फार कमी बीपी हे तर वाईट लक्षणच आहे. शरीरात पाणी कमी, हृदय कमजोर किंवा संसर्ग, काहीतरी शोधावं लागतं.

घरी झटका आल्याबरोबर जिभेखाली बीपीची कॅप्सूल फोडून घालण्याची पद्धत अजून आहे. ती कृपा करून थांबवा. तसंच सॉर्बिट्रेटही (छातीत दुखल्यावरची गोळी) नाही, आणि डिस्प्रिनही (म्हणजे अ‍ॅस्पिरिन) नाही. सीटी होईपर्यंत गाठ आहे की रक्तस्राव हे कुणालाच माहीत नसतं.

गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनने माणूस दगावतो असं ऐकलंय.

मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हे खरं. १९९५ च्या पहिल्या मोठ्या चाचणीत त्रास देणारा रक्तस्राव इंजेक्शन दिलेल्यांपैकी सुमारे ६ टक्के रुग्णांना झाला, न दिलेल्यांत १ टक्क्याहून कमी. त्याच चाचणीत तीन महिन्यांनंतरचे मृत्यू मात्र इंजेक्शनवाल्यांत १७ आणि इतरांत २१ टक्के होते. हा फरक लहान आहे, पण इंजेक्शनने मृत्यू वाढतात ही भीती त्यातून खोटी ठरते. अपंगत्व तर स्पष्टपणे कमी झालं.

वेळ साडेचार तास, आणि तो मोजायचा रुग्ण शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून. सकाळी उठताना लकवा दिसला तर घड्याळ रात्री झोपताना सुरू झालेलं असतं. अशांपैकी काहींना खास स्कॅन पाहून उपचार देता येतात. ही इंजेक्शनं दोन. अल्टेप्लेजची मात्रा किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, कमाल ९०. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५४ मिलिग्रॅम: ५.४ एका मिनिटात, उरलेलं ४८.६ तासाभरात. टेनेक्टेप्लेज किलोमागे ०.२५, कमाल २५ मिलिग्रॅम, सगळं एकदम. वजन अंदाजाने लिहिणं, हे इथे चुकण्याचं ठरलेलं ठिकाण. नातेवाइकांना खरं वजन माहीत असेल तर आपणहून सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर गोळ्यांचं पाकीटच सोबत आणा.

दिल्यानंतर बीपी दोन तास दर १५ मिनिटांनी, मग सहा तास दर अर्ध्या तासाने, मग २४ तास होईपर्यंत दर तासाला. डोकं दुखायला लागलं, उलटी झाली, बीपी उसळलं किंवा गुंगी वाढली की औषध थांबवून लगेच सीटी. २४ तासांनंतरचा सीटी होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन नाही.

मोठी नस बंद असेल तर जांघेतून तार घालून गाठ काढणं हा त्याच्या जोडीचा उपचार. पहिल्या सहा तासांत, आणि स्कॅनमध्ये वाचवण्याजोगा मेंदू दिसला तर २४ तासांपर्यंतही. ही सोय मोजक्याच मोठ्या शहरांत आहे. त्यामुळे लहान गावात इंजेक्शन देऊन लगेच पुढे पाठवणं हा योग्य मार्ग आहे.

उशीर कुठे होतो?

पहिला घरात: ‘अंगावरून वारं गेलंय, थोडी मालिश करू’, झाडपाल्याचं औषध, मुलगा शहरातून येईपर्यंत थांबणं. दुसरा सीटी नसलेल्या दवाखान्यात सलाईन लावून घालवलेले दोन तास. तिसरा रुग्णालयातच, पैसे आणि सहीवर. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात योजनेचं काम बघणारे आरोग्यमित्र बसलेले असतात. एकाने रुग्णाजवळ थांबायचं आणि दुसऱ्याने रेशनकार्ड, आधार घेऊन त्यांच्याकडे जायचं.

हृदयाचा आजार असल्यास?

धोका वाढतो, दोन कारणांनी. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर हृदयात बनणाऱ्या गाठी मोठ्या असतात आणि मोठीच नस बंद करतात. आणि कमजोर हृदय असलेला माणूस सलाईन, ताप, न्यूमोनिया यातलं काहीच फारसं सोसू शकत नाही. पक्षाघातानंतर पहिल्या दिवसांत हृदयाची लय बिघडून अचानक मृत्यूही होतो. म्हणून निदान पहिले २४ तास मॉनिटर हवा. रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारा घटक) वाढलेलं असणं हीही धोक्याची खूण. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडप आकसलेल्या तरुण बायकांना असे झटके येतात. तिशीतल्या रुग्णाची इको (हृदयाची सोनोग्राफी) तपासणी उद्यावर टाकू नये.

मूत्रपिंड, रक्त कमी असणं, कर्करोग?

तिन्हींचा मृत्यूशी संबंध दिसतो. दाखल होताना क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), हिमोग्लोबिन बघतात ते यासाठीच. कर्करोगात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि झटके पुन्हा येऊ शकतात.

पडून राहिल्याने काय होतं?

पायाच्या शिरांत गाठ बनते आणि ती फुफ्फुसात गेली तर मिनिटांत जीव जाऊ शकतो. नेहमीचे घट्ट लांब मोजे इथे उपयोगी नाहीत, हे चाचणीत दिसलं आहे. त्वचेला जखमा मात्र होतात. पायांना आळीपाळीने दाब देणारं हवेचं यंत्र उपयोगी आहे. २०१३ च्या ‘क्लॉट्स ३’ चाचणीत गाठींचं प्रमाण १२.१ वरून ८.५ टक्क्यांवर आलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाड आणि टाचा रोज बघायच्या. लघवीची नळी सोय म्हणून ठेवू नये. गरज संपली त्या दिवशी काढायची.

लवकर उठवून चालवणं चांगलं, पण पहिल्याच २४ तासांत जोरात व्यायाम नको. २०१५ च्या ‘अव्हर्ट’ चाचणीत त्याने परिणाम किंचित वाईटच झाले.

एखाद्या घटकाचा ‘संबंध’ असणं म्हणजे तो मृत्यूचं कारण असणं का?

नाही, आणि बातम्यांमध्ये इथेच गोंधळ होतो. काही अभ्यासांत धूम्रपान करणारे रुग्णालयात कमी दगावलेले दिसतात. कारण तंबाखू वाचवते असं नाही. त्यांना झटका दहा-दहा वर्षं आधी येतो आणि तरुण शरीर तो सोसतं. रायल्स ट्यूब, लघवीची नळी, व्हेंटिलेटर लागलेल्यांमध्ये मृत्यू जास्त असतात, कारण गंभीर रुग्णांनाच ते लागतात. ‘व्हेंटिलेटरवर टाकलं म्हणजे संपलं’ असं म्हणून नकार देणारी घरं आम्हाला दिसतात. श्वासनलिकेचं रक्षण करण्यासाठी दोन दिवस लावलेला व्हेंटिलेटर आणि बुंधा निकामी झाल्यावर लावलेला व्हेंटिलेटर यांत खूप अंतर आहे. कशासाठी लावताय, हे विचारा.

धोका आधीच मोजायचं एखादं गणित आहे का?

आहे. ‘प्लॅन’ नावाची २५ गुणांची मोजणी त्यातल्या त्यात सोपी. वयाच्या प्रत्येक दशकाला १ गुण, कमाल १०. शुद्ध हरपलेली असेल तर ५. पाय गळालेला २, हात गळालेला २, भाषा जाणं किंवा एका बाजूचं भान नसणं १. आधीपासून परावलंबी १.५, कर्करोग १.५, हृदय कमजोर १, अनियमित ठोके १. गुण जास्त, तितका धोका जास्त. गटांची तुलना करायला हे ठीक; एका माणसाचे उपचार थांबवायला कधीच वापरू नये. यात साखर नाही, गिळणं नाही, परिचारिका किती आहेत तेही नाही.

सिटिकोलिन, पिरॅसिटॅम ही ‘मेंदूची टॉनिकं’ आणून दिली तर जीव वाचेल का?

त्यांनी मृत्यू कमी होतात असं दिसलेलं नाही. २०१२ च्या मोठ्या चाचणीत सिटिकोलिनचा उपयोग झाला नाही. तेच पैसे दिवसपाळी-रात्रपाळीच्या चांगल्या मदतनीसावर आणि फिजिओथेरपीवर खर्च करा. याउलट साधी अ‍ॅस्पिरिन, इंजेक्शन न दिलेल्या रुग्णाला पहिल्या ४८ तासांत १६० ते ३०० मिलिग्रॅम, उपयोगी ठरते. लाभ छोटा, हजारी ९ च्या आसपास मृत्यू किंवा नवे झटके टळतात, पण तो खात्रीचा आहे. आधीपासून चालू असलेली कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू नये, नळीतून द्यायची.

आमच्या गावच्या रुग्णालयात वेगळा पक्षाघात कक्ष नाही. तिथे ठेवावं का?

जिथे ठरावीक खाटा, शिकलेल्या परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि ठरलेली पद्धत आहे, अशा कक्षात मृत्यू कमी होतात. कुठल्याही वयाच्या आणि कुठल्याही तीव्रतेच्या रुग्णाला त्याचा फायदा होतो. पण तो भिंतींमुळे होत नाही. सौम्य-मध्यम झटका आहे, सीटी झाला आहे, इंजेक्शनची वेळ उलटून गेली आहे आणि वरच्या गोष्टी नीट होत आहेत, तर तिथेच थांबायला हरकत नाही. हलवायचं ते मोठी नस बंद असेल, लहान मेंदूचा मोठा झटका असेल, गुंगी वाढत असेल किंवा कारण सापडत नसेल तेव्हा. बेशुद्ध होत चाललेल्या रुग्णाला ऑक्सिजन आणि डॉक्टरविना खासगी जीपमधून १०० किलोमीटर नेणं हा मोठा जुगार आहे.

ऑक्सिजन सर्वांना सरसकट लागत नाही. बोटावरच्या यंत्रात ९४ च्या खाली गेल्यावर लागतो.

नातेवाइकांनी रोज नेमकं काय बघावं, काय विचारावं?

एक वही ठेवा. सकाळ-संध्याकाळ चार नोंदी: हाक मारल्यावर किती लवकर डोळे उघडतात, कालच्यापेक्षा झोप वाढली का, ताप किती, साखर किती. बदल दिसला तर वेळेसह लिहा आणि तेव्हाच सांगा. ‘काल रात्रीपासून जरा गप्पच होते’ हे सकाळी दहाच्या राउंडला सांगून उपयोग नसतो. पहिल्या दिवशी विचारा: गुण किती, कुठली नस, गिळण्याची चाचणी झाली का, कधी? तिसऱ्या दिवशी: परत सीटी लागेल का, लघवीची नळी कधी काढणार? गळालेला हात धरून रुग्णाला ओढू नका, खांदा निखळतो. भेटायला येणाऱ्यांना शहाळं पाजू देऊ नका.

‘आता घरी न्या’ असं सगळे म्हणताहेत. काय करावं?

आधी कारण समजून घ्या. पैसे संपले म्हणून, की उपचारच उरले नाहीत म्हणून? पैशाचं कारण असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हलवणं हा पर्याय आहे, आणि तो डिस्चार्ज कागदावर ‘बदली’ म्हणून लिहून घ्या. सल्ल्याविरुद्ध घरी नेलेल्या रुग्णांचे मृत्यू रुग्णालयाच्या आकड्यांत येतच नाहीत. त्यामुळे दोन रुग्णालयांच्या मृत्युदराची तुलना करताना ३० दिवसांचा आकडा मागावा; नुसता रुग्णालयातला आकडा फसवा असतो.

पहिल्या एक-दोन दिवसांत, सूज शिखरावर जायच्या आधीच, ‘काही उपयोग नाही’ असं ठरवून टाकू नका. उपचार थांबवले की मृत्यू होतोच, आणि मग अंदाज बरोबर होता असं वाटत राहतं. मात्र फार वृद्ध, आधीच परावलंबी, बुंधा निकामी झालेल्या रुग्णाला यंत्रांवर न ठेवणं हा प्रेमातून घेतलेला, कायद्याने मान्य निर्णय असू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने आणि २०२३ मध्ये सोप्या केलेल्या पद्धतीने त्याला वाट दिली आहे. त्यासाठी रुग्णालयातल्या डॉक्टरांची दोन मंडळं मत देतात. तसं ठरलं तरी वेदना, धाप, तोंडाचा कोरडेपणा आणि लाळ यांचे उपचार चालूच राहायला हवेत. घरी नेणार असाल तर औषधांची यादी, रायल्स ट्यूब बदलायची तारीख आणि रात्री फोन करता येईल असा गावातल्या डॉक्टरांचा नंबर, या तीन गोष्टी गाडीत बसण्यापूर्वी हातात असू द्या.